वह्या, पुठ्ठी आणि डालड्याचा डबा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पितृपक्षात नवं काम हाती घेऊ नये म्हणतात. हे नवं कुठलं, पन्नास वर्षांपूर्वीचंच आहे, असं स्वतःला समजावून सकाळी ट्रंका उघडल्या. काकांच्या थोरल्याने त्या टेम्पोत घालून ओझरहून नाशिकला माझ्या डीटीपीच्या दुकानात आणून टाकल्या. दोन पत्र्याच्या ट्रंका, एक कापडी पिशवी, आणि जाता जाता एक सूचना: "आईला आत्ता काही विचारू नकोस, ती अजून सावरलेली नाही."

मोजदाद केली. वह्या ४३. पहिली १९६७ची, शेवटची २०१९ची. शिवाय सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यांचे सात गठ्ठे. पुठ्ठी म्हणजे संपलेल्या तिकीट-बुकांची. काका एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीच वर्षं नाशिक–पिंपळगाव बसवंत मार्गावर. ड्यूटीवर विमान दिसलं की त्याची नोंद पुठ्ठ्यावर, आणि रात्री जेवण झालं की तीच सुवाच्य अक्षरात वहीत.

काका हे आमच्या गच्चीवरच्या मंडळाचे पहिले सभासद. मंडळाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, अध्यक्षही नव्हता. ओझरला विमानांचा कारखाना आला आणि पाच-सहा जण संध्याकाळी एका गच्चीवर जमून आकाशाकडे बघायला लागले, एवढीच त्याची स्थापना. कुठलं विमान, कुठून आलं, कुठं गेलं, मागच्या आठवड्यातलंच की दुसरं, हे ओळखायचं आणि लिहून ठेवायचं. परदेशात याला छंद म्हणतात, त्याचे क्लब असतात. आमच्याकडे याला "दुसरा उद्योग नाही का" म्हणत. मी १९८३ साली, दहा वर्षांचा असताना त्यात शिरलो. माझं काम खालून चहा वर नेण्याचं.

काका आषाढात गेले. पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांच्यावर साठ-सत्तर पानांची पुस्तिका करायची आणि सगळ्या वह्या स्कॅन करून ठेवायच्या, असं ठरवलंय. पैशांचा प्रश्न नाही, प्रिंटर माझाच आहे. प्रश्न वेळेचा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

झटकाझटकी. डांबरगोळ्यांचा वास डोक्यात बसला. कसर लागलेल्या वह्या तीन, त्यातली एक वाईट. गंजलेल्या पिना चिमट्याने काढल्या, प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातला. पुठ्ठी सपाट व्हायला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या जाड मॅन्युअलखाली दाबून ठेवलीत. त्या मॅन्युअलचा वीस वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिल्या पाच वह्या स्कॅन झाल्या. काकांची पद्धत आता कळायला लागली आहे. जागा ते मैलात किंवा किलोमीटरमध्ये लिहीत नाहीत, टप्प्यात लिहितात. "आडगाव–दहावा मैल, प.हून पू., मिग २", म्हणजे दोन मिग. तिकीट ज्या टप्प्यात फाटतं त्याच टप्प्यात विमान. हिशोबही वेबिलासारखा, म्हणजे कंडक्टरच्या रोजच्या हिशोबाच्या कागदासारखा: पानाखाली बेरीज, बेरजेखाली रेघ, रेघेखाली सही. स्वतःच्याच वहीत स्वतःची सही करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गच्चीवर कुणी म्हणालं, "ढगामागं मिगच असणार", की काका म्हणत, "प्रवासी चढला का? मग तिकीट कसं फाडू?" हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल.

मधल्या वह्यांत एक खूण वारंवार येते. "पा. ३, ऐ. ७." किंवा नुसतंच "ऐ. ५". खुलासा कुठंच नाही. पा. म्हणजे पातं, त्रिकोणी पंखाचं विमान, म्हणजे मिग-२१, हे उघड आहे. ऐ. म्हणजे ऐरावत असावा. माल वाहणारी मोठी विमानं, आधी एएन-१२ आणि १९८५नंतर आयएल-७६, ही काकांना हत्तीसारखी वाटत. तसा एक्सेलमध्ये रकाना केला: "ऐरावत (मालवाहू)".

कापडी पिशवीत पत्ते निघाले. हे मला आठवतात! देवळालीच्या लष्करी छावणीतलं सामान जुन्या बाजारात यायचं, तिथं काकांना मिळालेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली अमेरिकेत छापलेले, विमानं ओळखायला शिकवणारे पत्ते. प्रत्येक पानावर एका विमानाच्या तीन काळ्या सावल्या: समोरून, बाजूने आणि पोटाखालून. ४९ पानंच उरलीत. त्यातलं एकही विमान ओझरच्या आभाळात कधी आलं नाही, पण मंडळाचा क्लास त्यांच्यावरच चाले. नाव अंगठ्याने झाकायचं आणि पान फक्त एका दमात दाखवायचं. एरवी त्याच पत्त्यांनी झब्बू.

तिकडे हा उद्योग छंद म्हणून वाढला, पण त्याची गरज लढाईने दाखवली. ब्रिटनमध्ये आकाशावर नजर ठेवणारं स्वयंसेवकांचं दल १९२५पासून होतं. १९४० साली बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा भोंगा वाजला की कारखाने बंद, कामगार तळघरात, आणि विमान भलतीकडेच निघून गेलेलं. कामाचे तास फुकट जायला लागले. मग छपरावर माणूस बसवला. भोंगा वाजू दे, काम चालू ठेवायचं, आणि छपरावरच्याने खूण केली तरच पळायचं. म्हणजे त्या माणसाला आपलं विमान कुठलं, त्यांचं कुठलं, हे काही सेकंदांत सांगता यायला हवं. चूक झाली तर दोन्हीकडून नुकसान. यातूनच ठिकठिकाणी क्लब निघाले, १९४१मध्ये तर फक्त विमान ओळखणाऱ्यांसाठी एक साप्ताहिक निघालं. काकांना ही गोष्ट फार आवडायची. छपरावरचा माणूस म्हणजे कंडक्टरच, म्हणायचे. त्याने बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. दुकानातला टीव्ही सकाळपासून चालू. लग्नपत्रिका घ्यायला आलेलं एक कुटुंबही बसून बघत होतं. हवाई दलप्रमुख स्वतः उडाले, उतरल्यावर विमानांवर पाण्याच्या कमानी झाल्या. १९६३ ते २०२५. बासष्ट वर्षं. काका अडीच महिन्यांनी चुकले.

ओझरकरांना हे विमान घरचं वाटतं ते उगाच नाही. १९६२मध्ये सोव्हिएत रशियाशी ते इथं बनवण्याचा करार झाला, १९६३मध्ये त्यासाठी वेगळी सरकारी कंपनी निघाली, आणि १ ऑक्टोबर १९६४ला तिचं बंगळूरच्या जुन्या कंपनीशी विलीनीकरण होऊन आजची एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, झाली. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ला नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. गावातले जुने लोक या दोन गोष्टी एका दमात सांगतात. मी दोन दमांत सांगतो.

वही क्र. १४मध्ये काकांनी मिग-२१चे प्रकार कसे ओळखायचे ते एका पानावर लिहिलंय. तसंच्या तसं उतरवतो, कारण एवढं सोपं मी कुठं वाचलेलं नाही:

"नाकावरची सळई मधोमध — जुनं (एफएल). सळई उजवीकडे सरकलेली — नवीन. पंखाखाली खुंट्या दोन — जुनं. चार — नवीन. पाठ सरळ — जुनं. पाठीला मदार — बिस. घाई करू नये."

सळई म्हणजे हवेचा वेग मोजणारी पिटो नळी. खुंट्या म्हणजे पंखाखाली शस्त्रं टांगायच्या जागा. मदार म्हणजे पाठीवरचा फुगवटा. एफएलची पाठ सडसडीत, एमची जाड, आणि बिसची तर उंटासारखी. उडत्या विमानाची नळी जमिनीवरून दिसते कशी, असं मी मागे विचारलं होतं. काका म्हणाले, "उतरताना दिसते. चढताना कुणालाच काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं."

हे वाक्य आज लिहिताना हात थांबला. का थांबला ते कळलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

धो धो पाऊस. गोदावरीला पाणी, गावात वीज येऊन-जाऊन. स्कॅनर बंद. पुठ्ठ्यांचे गठ्ठे माळ्यावर चढवले.

१ ऑक्टोबर, बुधवार

आकडेमोड चुकतेय. वह्या क्र. ६ ते २०ची नोंद पूर्ण झाली, बेरीज काढली, तर ओझरला मालवाहू विमानं मिग विमानांच्या दुपटीने उतरलेली दिसतात. काही महिन्यांत रोज सात-सात ऐरावत. हे शक्य नाही. रोज सात एएन-१२ उतरली असती तर गावात रस्त्यावर चालायला जागा राहिली नसती.

दुसरं: ऐ. ही खूण १९७२च्या आधी एकदाही नाही. एएन-१२ तर हवाई दलात १९६१पासून होतं.

तिसरं, आणि हे मला आधीच दिसायला हवं होतं: ऐ. जास्तीत जास्त कामाच्या वारी येते. काकांच्या सुट्टीच्या दिवशी पा. जास्त.

थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, "परवा सोनं द्यायच्या निमित्ताने ये. सण नाही आमच्याकडे यंदा, पण तू ये. बाबांचं कुणी विचारलं की आता जरा बरं वाटतं तिला."

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी ओझरला गेलो. द्राक्षबागांत गोडी छाटणीची धांदल, दहाव्या मैलापासून पुढे रस्त्याकडेला मजुरांनी भरलेल्या पिकअप. काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा लावत नाहीत, कान मात्र मांजरासारखे. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हाच आतून आवाज आला, "अरे, तुझीच का ती? चेन ढिली झालीय तिची."

चहा झाला. वही उघडून पुढं केली.

"काकू, हे ऐ. म्हणजे ऐरावत ना? मोठी विमानं?"

त्या वहीकडं बघेनात, माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग हसल्या. काका गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"ऐरावत कसला! ऐ. म्हणजे ऐकलं. पा. म्हणजे पाहिलं. पाहिलं त्यांनी, ऐकलं मी."

मी गप्प. तीन आठवड्यांचं काम डोळ्यांपुढून गेलं.

मग त्यांनी सांगितलं ते, आठवतं तेवढं त्यांच्याच शब्दांत:

"एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. काचांना काळे कागद लावलेले. गाडीत कुणीतरी ह्यांना लिहिताना पाह्यलं असंल, कंडक्टर विमानांचे नंबर लिहितो म्हणून. दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. मारलं-बिरलं नाही हो, चहा दिला. पण वही ठिवून घेतली. ती काय परत आली नाही. घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, आता घरात विमानाचा आकडा कागदावर नको. म्हटलं, कागदावर नको ना? चिंचोके आहेत की."

कुठल्या कचेरीत बोलावलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आतून त्यांनी डबा आणला. डालड्याचा जुना डबा, पिवळा रंग उडून पत्रा दिसतोय, झाकणाला एका बाजूला पोचा. त्यात निम्म्याला चिंचोके, हाताळून हाताळून काचेसारखे गुळगुळीत झालेले. काही सीताफळाच्या बिया. आणि तळाशी आंब्याच्या दोन सुकलेल्या कोया.

मिगला चिंचोका. हेलिकॉप्टरला, म्हणजे नाशिकच्याच गांधीनगरहून येणाऱ्या लष्कराच्या चित्ता-चेतकला, सीताफळाची बी. चार इंजिनांच्या मोठ्या विमानाला कोय. "कोया दोनच, कारण दिवसाला दोनच्यावर कधी आली नाहीत." सकाळी डबा रिकामा करून चुलीशेजारी ठेवायचा, विमान ऐकू आलं की बी टाकायची. रात्री काका घरी आले की डबा ताटाशेजारी पालथा करून मोजायचे. काही महिने नुसतंच मोजलं, कुठं लिहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वही पुन्हा सुरू झाली, पण नंबर कायमचे गेले. फक्त पा. आणि ऐ.

"पण कोणतं विमान ते आवाजावरून कसं कळायचं तुम्हाला?"

"कळतंय की. मिग म्हणजे मांजरपाट फाडल्यासारखा आवाज, टर्रर्र करून, आणि मग ताटं वाजायची मांडणीतली. हेलिकॉप्टर म्हणजे कांडण. मोठं पंख्याचं विमान म्हणजे जातं, घरघर घरघर, लांबून येतं आणि लांबवर जातं. नंतर ते दुसरं मिग आलं, पंख मागं-पुढं करणारं, ते फाडायचं पण जाड कापड, जमखाना फाडल्यावानी. आता हे सुखोई आलं. ते दोन तोंडांनी बोलतं."

दुसरं मिग म्हणजे मिग-२७. तेही ओझरलाच बनायचं. काकांच्या वहीत त्याचं वर्णन "बदकाच्या नाकाचं" असं आहे. रशियन लोकही त्याला त्याच्या चपट्या नाकावरून बदकचोच्या प्राण्याचं नाव देत. काकांना ते माहीत असण्याचं कारण नाही. नाक पाहिलं की बदकच आठवतं.

निघताना विचारलं, तुमचं नाव पुस्तिकेत घातलं तर चालेल का. "माझं कशाला? मला कुठं लिहिता येत होतं?" एवढं म्हणून लसणाकडे वळल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

"ऐरावत (मालवाहू)" हा रकाना पुसला. त्यातल्या सगळ्या नोंदी हाताने परत लावायच्या. एक्सेलला सांगून होणारं काम नाही, कारण काही ठिकाणी काकांनी ऐ.च्या पुढं "बी" आणि "को" लिहिलंय, ते मी शाईचे डाग समजलो होतो. बी म्हणजे सीताफळाची बी. को म्हणजे कोय. चाळीस वर्षं हिशोब लिहिणाऱ्या माणसाचे डाग वाटावेत इतके नेमके डाग नसतात, हे मला कळायला हवं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

जुने सभासद दुकानात जमले. उरलेत तिघं. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांनी विमानांच्या सावल्या नव्याने काढून द्यायचं कबूल केलंय. एक किराणा दुकानदार, आता मुलगा बघतो. तिसरे फारसं बोलत नाहीत, पण ओली भेळ त्यांनीच आणली.

विषय काढला आणि वाद पेटला. किराणावाले म्हणाले, "ऐकलेलं धरायचं नसतं. जगात कुठल्याही क्लबात पाहिलेलंच मोजतात. वहिनींबद्दल आदर आहे, पण नियम तो नियम."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण नियम मोडला कुणी? काकांनी ऐकलेलं पाहिलेल्यात मिसळलं असतं तर तो खोटेपणा. त्यांनी वेगळा रकाना ठेवला. उलट मी त्यांना वही क्र. २४ दाखवली, १९८८ची. काकांच्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही खुणा आहेत: त्याच दिवसाचे पा. आणि ऐ. शेजारी-शेजारी, म्हणजे ते काकूंची तपासणी करत होते. बहुतेक दिवस आकडे जुळतात. ढगाळ दिवशी ऐ. जास्त. आणि एका रविवारी दुपारी: "पा. ४, ऐ. ५." खाली बारीक अक्षरात: "ऐ. बरोबर. मी झोपलो होतो." खाली सही.

किराणावाले हे दोनदा वाचून म्हणाले, "त्यांना झोप लागायची खरी दुपारची." वाद तिथेच विरला, मिटला असं म्हणणार नाही.

फोटोंचा प्रश्न निघाला. पुस्तिकेत विमानांचे फोटो हवेत असं चित्रकलावाल्यांचं म्हणणं. पण आमच्यापैकी कुणी कधी एकही फोटो काढलेला नाही. सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला १९३७च्या नियमांपासून बंदी, आणि ओझरला तर कारखाना, शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. काकांनी कॅमेरा कधी हातात धरला नाही. या छंदापायी लोक आत गेलेत: २००१ साली ग्रीसमध्ये कालामाटाला विमानांचे नंबर टिपणारे बारा ब्रिटिश आणि दोन डच लोक हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली, आणि पुढच्या वर्षअखेर अपिलात सगळे सुटले. तिथल्या न्यायालयाला हा छंद आहे हेच पटत नव्हतं. आमच्याकडे एकाच वहीवर निभावलं.

ठरलं: फोटो नाहीत, सावल्या. १९७१च्या आधीच्या वह्यांतले विमानांचे नंबर पुस्तिकेत घ्यायचे नाहीत. ती विमानं आता भंगारात नाहीतर चौकात उभी असतील, तरी नकोत. काकांनीच ते थांबवलं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ओझरच्या कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस उडालं. एलसीए मार्क-१ए, म्हणजे देशी बनावटीचं हलकं लढाऊ विमान. संरक्षणमंत्री आले होते. दुकान बंद करून मी सकाळीच काकूंकडे गेलो, गच्चीवर खुर्ची नेऊन दिली. चित्रकलावाले आधीच येऊन बसलेले, मांडीवर कागद.

मिग-२१ आणि तेजस, दोन्ही त्रिकोणी पंखांची, एका इंजिनाची. लांबून फसायला होतं. फरक शेपटीत: मिगला त्रिकोणी पंखामागं आडव्या शेपटीची छोटी पाती आहेत, तेजसला आडवी शेपटीच नाही. चित्रकलावाले पुटपुटत होते, "शेपूट बघा, शेपूट बघा," जणू आम्हीच परीक्षेला बसलो होतो.

काकू वर बघत नव्हत्या. पदर डोक्यावरून घेऊन खाली मान घालून बसल्या होत्या. सुखोईचा आवाज आला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. मग हे आलं आणि त्यांनी हात वर केला.

"हे नवं आहे."

"मिगसारखं फाडतंय का?"

"फाडतंय. पण कापड नवं आहे. खळ असलेलं."

डबा खाली चुलीपाशीच राहिला होता. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुपारीचं खांड काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. "ह्याला सुपारी," म्हणाल्या. मी वहीत लिहिलं: १७-१०-२५, ओझर गच्ची, पा. १, ऐ. १ (सु.). सही काय करायची ते सुचेना, म्हणून दोघांच्या नावाची आद्याक्षरं घातली, त्यांची आधी.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. पत्रिका, कॅलेंडरं, भेटकार्डं. वह्यांना हात लावायला आठवडाभर वेळ नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पुस्तिकेचा मजकूर आज लागला. ५८ पानं. मुखपृष्ठावर काकांचं आणि काकूंचं, दोन्ही नावं. किराणावाल्यांनी फोनवर विचारलं, "दोघांची?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग ठीक आहे, मी काही बोललो नव्हतो."

डिसेंबर १९७१ची वही नाही. तिच्या जागी पुस्तिकेत एक कोरं पान ठेवलंय, नुसता पानाचा आकडा. त्यावर काहीतरी लिहावं असं दोनदा वाटलं, दोनदा पुसलं.

पुठ्ठी स्कॅन करायला सगळ्यात वेळ लागतोय. बसच्या हादऱ्यात लिहिलेली अक्षरं. एका पुठ्ठ्यावर "कोकणगाव, मिग ४, खूप खाली", आणि त्याच्याखाली "८ रु. सुट्टे देणे, लाल फेटा". दिले का नाही, त्याची नोंद नाही. हे पान पुस्तिकेत जसंच्या तसं घेतलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकूंना प्रूफ दाखवायला ओझरला. त्यांना वाचून दाखवायचं होतं, सगळं, चार तास लागले. मधे दोनदा चहा, एकदा पिठलं-भाकरी. त्या मधेच थांबवून दुरुस्त्या सांगत. "जमखाना नाही, पासोडी म्हटलं होतं मी." मला जमखानाच आठवतोय, पण पासोडी लिहिलं. गांधीनगरचा उल्लेख आला तेव्हा म्हणाल्या, ती हेलिकॉप्टरं सकाळी जास्त यायची, थंडीत तर दहाच्या आतच. ते घातलं.

२००४च्या भागावर आलो. त्या वर्षापासून सुखोई ओझरला बनू लागलं. मी वाचलं: "यानंतर ऐकलेल्या विमानांची संख्या एकदम वाढलेली दिसते."

"वाढली कसली," काकू म्हणाल्या. "सुखोईला मी दोन चिंचोके टाकायची."

"दोन?"

"दोन इंजिनं नाही का त्याला? दोन तोंडांनी बोलतं म्हणून तुला सांगितलं की."

"काकांना माहीत होतं हे?"

"त्यांना न सांगता कशी टाकंन?" थोडं थांबून: "ते लिहिताना अर्धे करायचे का नाही, ते मला काय ठाऊक. वही त्यांची."

वह्या क्र. ३३ ते ४३. २००४ ते २०१९. अकरा वह्या. पानाखालच्या बेरजा बघून काही कळत नाही, बेरीज आणि सही दोन्ही नेहमीसारखीच नेटकी. पण या वर्षांत काका निवृत्त होऊन घरीच होते, त्यामुळे पा. आणि ऐ. दोन्ही असलेले दिवस पुष्कळ सापडतील. ते आधी वेगळे काढायचे. त्या दिवसांत ऐ. पा.च्या दुप्पट येतात की बरोबरीत, एवढं बघायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं वर्ष त्यातून वगळायचं, तेव्हाचे पा. धरता येणार नाहीत.

छपाई पुढे ढकलली. वही क्र. ३३ ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवली आहे.